कपाटात ठेवलेला फोन

फोन बाजूला ठेवा आणि घरच्या माणसांकडे बघा, असा सल्ला देणारा आता कुणी भेटला की माझी तळपायाची आग मस्तकात जाते. मी ठेवला होता बाजूला. तब्बल एकोणीस दिवस. त्याची फळं आमच्या घरात पलंगावर पडून आहेत.

ऑफिसातला सर्वेश मला समजावतो. "ताई, असं कसं बोलता? माणूस आजाराने जातो, फोनने थोडाच जातो?" त्याचं बरोबर आहे. पण त्याला आमचं घर माहीत नाही आणि आमचे बाबा तर अजिबातच माहीत नाहीत.

कल्याणजवळ मोहन्याला दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या आणि एक गॅलरी. तिथे आम्ही तिघं राहतो, आई, बाबा आणि मी. मी संचिता, वय सदतीस. लग्न का केलं नाही हे विचारायचं लोकांनीसुद्धा आता सोडून दिलंय. धाकटा भाऊ प्रणित बायको आणि मुलीला घेऊन डोंबिवलीत असतो. बाबांचं नाव गुणाजी. डोंबिवली एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये त्यांनी पस्तीस वर्षं लेथ चालवली. मशीनच्या वर आवाज काढून बोलायची इतकी सवय की घरातही तसंच. आई म्हणायची, "ह्यांनी गॅलरीतून चहा ठेव म्हटलं की खालच्या मजल्यावरपण आधण चढतं."

गाव आमचं कणकवलीकडे. बिल्डिंगमधल्या कोकणातल्या घरांत गणपतीला गाऱ्हाणं घालायला बाबांनाच बोलावतात. सगळ्यांच्या वतीने एकाने देवाशी मोठ्याने बोलायचं, ह्याला नोकरी दे, तिच्या पोरीला नीट ठेव, आणि प्रत्येक मागण्यामागे बाकीच्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं. बाबा सुरू झाले की तिसऱ्या मजल्यावरची माणसं जिन्यातच हात जोडून उभी राहायची.

मी ठाण्याला एका कुरिअर कंपनीत तक्रारी बघते. कुणाचं पार्सल हरवलं, कुणाचं भिजलं, कुणाला साडीऐवजी कुकरची शिट्टी मिळाली. घरी आले तरी मेसेज थांबत नाहीत. जेवायला बसले की डाव्या हाताला, लोणच्याच्या जागी, फोन. जेवण झाल्यावर बाबा गॅलरीतल्या खुर्चीवर बसायचे, मी उंबऱ्यावर, मान खाली. आणि बाबा बोलायचे. वर्कशॉपमधले जुने किस्से, गावच्या नदीला आलेला पूर, कुणी कुणाची बांधाची जमीन कशी ढापली. माझं अर्धं लक्ष असायचं, कधी तेवढंही नसायचं. बाबांनी त्याबद्दल एका शब्दाने तक्रार केली नाही. मला वाटायचं, बिचारे समजून घेतात.

शिमग्यानंतर त्यांचा आवाज बसला. आईने आलं-मध दिलं, मिठाच्या गुळण्या दिल्या. एप्रिल गेला, मे गेला. महिनाभर माहेरी जाऊन आलेली शेजारची उत्तरावहिनी दारात उभी राहून म्हणाली, "काका, आवाजाला काय झालं हो तुमच्या?" ती एका महिन्याने आली आणि तिला ऐकू आलं. मी रोज दोन हातांवर बसत होते, मला नाही आलं. त्या दिवसाची लाज मला अजून वाटते.

मग तपासण्या झाल्या. जुलैच्या सुरुवातीला ठाण्याच्या डॉक्टरांनी बाबांना आणि मला समोर बसवून सांगितलं. स्वरयंत्रात कॅन्सर आहे, पण अजून तिथल्या तिथे आहे. स्वरयंत्र काढावं लागेल, श्वास घ्यायला गळ्याला भोक राहील, बोलणं जाईल. पण माणूस राहण्याची शक्यता चांगली आहे. लपवाछपवी काही नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. परतताना रिक्षात म्हणाले, "आवाज गेला तर गेला. आयुष्यभर वापरला, फुकट तर नाही ना गेला? काढा म्हणावं." फॉर्मवर सही पण करून आले. एकोणीस दिवसांनंतरची तारीख मिळाली.

इथपर्यंत सगळं नीट होतं, हे मला पुन्हापुन्हा सांगावंसं वाटतं.

त्या संध्याकाळी मी हिशेब केला की बाबांचा आवाज आता फक्त एकोणीस दिवस आहे. इतकी वर्षं ते बोलले आणि मी मान खाली घालून बसले. आता तरी ऐकावं. सातला घरी आले, फोन बंद केला, कपाटात साड्यांच्या खाली ठेवला, कपाटाला कुलूप लावलं. ऑफिसला सांगितलं, सातनंतर मी मेले असं समजा. आणि उंबऱ्यावर न बसता बाबांच्या समोर स्टूल घेऊन बसले. त्यांच्या तोंडाकडे बघत.

बाबांनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग खरखरत्या आवाजात म्हणाले, "काय गो, ब्याटरी संपली?" मनातलं बोलायचं झालं की बाबा मालवणीवर येतात.

"नाही बाबा. तुम्ही बोला. मी ऐकतेय."

"काय बोलू?"

"काहीही. तुमच्या लहानपणीचं सांगा."

त्यांनी आईकडे पाहिलं, मग खाली रस्त्याकडे पाहिलं. "बरा आसा सगळा," म्हणाले आणि आत जाऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी आईला हळूच विचारलं, हिला नोकरीवरून काढली की काय. मी हसले. मला वाटलं, सवय नाही, होईल हळूहळू. मी आणखी जोर लावला. आईला सांगितलं, संध्याकाळी मालिका बंद. आई बिचारी माझं ऐकून त्यांच्या बाजूला बसायला लागली. रविवारी प्रणितला बोलावलं. त्याला बजावलं, पोरीच्या हातात फोन दिसता कामा नये. सान्वी बारा वर्षांची आहे, फोनशिवाय तिने आजोबांचं घर कधी पाहिलंच नव्हतं. ती आली, आजोबांच्या पाया पडली आणि मी पढवल्याप्रमाणे म्हणाली, "आजोबा, तुमच्या लहानपणीची गोष्ट सांगा ना." आईने तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं केलं होतं, त्यांच्या आवडीचं. आम्ही पाच जण त्यांच्याभोवती बसलो होतो आणि सगळे त्यांच्याकडे बघत होतो. मला तर भरून आलं होतं. वाटलं, असं घर हवं होतं मला.

बाबांनी दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. सान्वीच्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ तो हात काढलाच नाही. मी ते प्रेम समजले.

आता सुधीरकाकांचं सांगायलाच हवं. बाबांचे धाकटे भाऊ. बारा वर्षांपूर्वी त्यांना पोटाचा कॅन्सर निघाला आणि सगळ्या घराने ठरवून त्यांच्यापासून लपवला. पुढाकार बाबांचाच. "गॅस धरलाय पोटात, दुसरं काही नाही," असं बाबा त्यांना हसत सांगायचे. पण माणसं तोंडाने खोटं बोलली तरी पाय खरं बोलतात. ज्यांना वर्षावर्षात वेळ नव्हता ते येऊन बसायला लागले. कुणी पेढे आणले, कुणी पापलेट आणलं, भांडलेले चुलतभाऊ आले. सगळे समोर बसून नुसते बघायचे. काका महिन्याभरात गेले. जायच्या दोन दिवस आधी त्यांनी बाबांना विचारलं होतं, "सगळे येऊन बघतात कशाला रे मला?" हे बाबांनीच मला कधीतरी गॅलरीत सांगितलं होतं. मी तेव्हा कुणाच्या तरी भिजलेल्या पार्सलचा फोटो बघत होते. मला ते आठवायला हवं होतं. नाही आठवलं.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी सकाळी बाबा पिशवी घेऊन बाहेर पडले ते दुपारपर्यंत आले नाहीत. आम्ही दवाखाने पालथे घातले. चारला आले. खडवलीला गेले होते, नदीपलीकडे कुणीतरी कॅन्सरवर पुड्या देतो त्याच्याकडे. वर्कशॉपमधल्या जुन्या मित्राने पत्ता दिला होता. पिशवीत चाळीस पुड्या. टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "ऑपरेशन करायचं नाही. चाकू लागला की ते पसरतं."

मी आधी गोड बोलले, मग आवाज चढवला. "बाबा, डॉक्टर तुमच्यासमोर बोललेत! बरे होणार आहात तुम्ही!"

"तसा सांगूचाच लागता."

"कोणाला सांगावं लागतं? मी खोटं बोलतेय का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यांच्या डोळ्यांत, माझीच कीव होती. "मगे फोन कित्याक ठेवलंस?" म्हणाले. "मालिका कित्याक बंद केली? त्या पोरीक शिकवून कित्याक आणलंस? सुधीराक मीच खोटा सांगितलेला गो. माका कळता सगळा."

 मी काय सांगणार होते? की तुमचा आवाज जाणार म्हणून मला तो ऐकून घ्यायचा होता? सांगितलं तेही. रडत सांगितलं. पण रडणारी मुलगी बापासमोर बसून तुम्ही मरणार नाही म्हणतेय, ह्यावर कोण विश्वास ठेवील? फाईल काढली, रिपोर्ट वाचून दाखवले. म्हणाले, रिपोर्ट दोन असतात, एक पेशंटला दाखवायचा. सुधीरकाकांच्या वेळी त्यांनी स्वतःच दुसरा बनवून घेतला होता. डॉक्टरांशी फोनवर बोलायला लावलं. ऐकून घेतलं आणि फोन परत देताना म्हणाले, "चांगलो माणूस. तू शिकवलंस तसाच तो बोललो." सुधीरकाकांनंतर बाबांना माणसांच्या चांगुलपणाचीच भीती बसली होती. आणि ह्या घरात इतकी वर्षं चांगुलपणा एवढा दुर्मिळ होता की तो दिसल्यावर मरण आठवावं, ह्यात त्यांची चूक काय?

"मरूचाच आसा तर आवाजासकट मरतलंय," ते म्हणाले. तारीख आली आणि गेली.

दुसऱ्याच दिवशी मी कपाट उघडून फोन काढला. मुद्दाम त्यांच्यासमोर उंबऱ्यावर बसले, जेवताना डाव्या हाताला ठेवला. ते हसले. "आता नाटक नको," म्हणाले. पुड्या मात्र मधातून नियमाने घेत राहिले.

गणपतीत त्यांनी गाऱ्हाणं घातलं. आवाज आता हवेसारखा येत होता. "बा गणराया, ही सगळी लेकरा तुझ्या पायाकडे जमलेली आसत, त्यांच्यावर नजर ठेव रे महाराजा." पुढची माणसं 'व्हय महाराजा' म्हणत होती, मागच्यांना ऐकूच येत नव्हतं, ती पुढच्यांचं बघून म्हणत होती. प्रत्येक घराचं नाव घेतलं, प्रणितचं घेतलं, माझं घेतलं. स्वतःसाठी काही मागितलं नाही. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. त्या दिवशी मला देवाचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त माझा.

दिवाळीच्या आधी एका पहाटे त्यांचा श्वास अडकला. कल्याणच्या हॉस्पिटलात नेईपर्यंत ओठ निळे पडले होते. गळ्याला भोक पाडून नळी घातली, तेव्हा श्वास चालू झाला. म्हणजे भोकही पडलं आणि आवाजही गेला, जे व्हायचं होतं तेच सगळं झालं, फक्त गाठ आत राहिली. आठवड्याने डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. मानेत आणि फुप्फुसात पसरलंय. आता काढण्यासारखं राहिलेलं नाही. दोन महिने, फार तर तीन.

जुलैमध्ये बाबा जगणार होते तेव्हा मी त्यांना मरणार असल्यासारखं वागवलं. आता ते खरंच मरणार आहेत. आणि बाबांना मात्र वाटायला लागलंय की आपण वाचलो. नळीमुळे श्वास मोकळा झाला, झोप लागायला लागली. ते त्याचं सगळं श्रेय पुड्यांना देतात.

घरी आणल्यावर सान्वीची जुनी पाटी त्यांच्या उशाशी ठेवली. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाटीवर लिहून माझ्यासमोर धरलं, "खरं सांग. किती दिवस?"

आता खरं काय ते सांगायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण हिंमत झाली नाही. डोळे भरून आले, ते त्यांना दिसू नयेत म्हणून मी मान खाली घातली आणि हातात होता तो फोन बघायला लागले. कुणाचा तरी मेसेज होता, अक्षरं दिसत नव्हती. "काहीतरीच काय बाबा," मी फोनमध्येच बघत म्हणाले, "थांबा जरा, ऑफिसचं काम आलंय."

पाटी काही क्षण तशीच राहिली. मग त्यांनी बोटाने पुसली. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं, त्यांचे खांदे सैल झाले होते. उशीवर डोकं टेकून त्यांनी डोळे मिटले आणि दुपारभर शांत झोपले. उठल्यावर पाटीवर लिहिलं, "पुड्यांनी गुण आला." खाली लिहिलं, "ऑफिस जोरात?"

"खूपच," मी म्हणाले.

आईला मी स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. तिने पदराने तोंड दाबून धरलं, मग बाहेर गेली आणि मालिका लावली. तिला त्यातलं आता काहीच कळत नाही, मधले सगळे भाग बुडालेत, पण रोज लावते. प्रणितला सांगितलं, ये, पण घाईत असल्यासारखा ये, काही खायला आणू नकोस. सान्वीला सांगितलं, आजोबांच्या खोलीत बसायचं आणि फोनवर खेळायचं. ती म्हणाली, "आत्या, मागच्या वेळी तर नको म्हणालेलीस." 

नळी लावलेल्या माणसाचं बोलणं कळायला त्याच्या तोंडाकडे बघावं लागतं. हॉस्पिटलातल्या नर्सने शिकवलं होतं, ओठांवर लक्ष ठेवा, सवयीने सगळं समजतं. आईला थोडं जमायला लागलंय. मलाही जमलं असतं.

काल संध्याकाळी मी त्यांच्या पलंगाशेजारी बसले होते, फोनमध्ये मान घालून. दिवा लावला होता. कोपऱ्यातून दिसलं की बाबांचे ओठ हलतायत. आधी वाटलं काही हवंय. पण पाटी त्यांनी उचललीच नव्हती. ते बोलत होते. पूर्वी गॅलरीत बोलायचे तसे, माझ्या खाली घातलेल्या मानेशी. हाताने काहीतरी माप दाखवत होते, एवढं, मग एवढं. मध्येच हसले, नळीतून फुस्स आवाज आला. लांबलचक गोष्ट होती काहीतरी. वर्कशॉपमधली असेल, गावची असेल, सुधीरकाकांची असेल. मध्ये एकदा थांबून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी अंगठ्याने फोन सरकवला. तेव्हा ते पुढे बोलायला लागले.

मला मान वर करायची होती. आयुष्यात कधी इतकी तीव्र इच्छा झाली नसेल. पण मी वर बघितलं असतं तर ते गप्प झाले असते, आणि त्यांना सगळं कळलं असतं. समोर कुणाच्या तरी बारशाचे फोटो येत होते, मी ते एकेक करून बघत होते. अर्धा तास तरी ते बोलले असतील. मला एक शब्द मिळाला नाही.

शेवटी ते थांबले. बोटाने माझ्या मनगटाला हलकेच शिवले आणि ओठ पुन्हा हलले, थोडेसेच. काहीतरी विचारलं असावं, कारण मग ते वाट बघत राहिले. फोनवरची नजर न काढता मी "हो बाबा" म्हणाले. त्यांना ते पटलं असावं, कारण त्यांनी हात काढून घेतला. मी कशाला हो म्हटलं, ते मला माहीत नाही.